मुलगी चौदा वर्षांची आहे : केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प बसावे?

चाफेकळी :
नमस्कार. गेले कित्येक महिने मनात घोळणारा प्रश्न आज इथे मांडते आहे. आम्ही ठाण्यात राहतो. घरात सासूबाई, यजमान, मी आणि नववीत शिकणारी आमची मुलगी असे चौघे आहोत. ती चौदा वर्षांची आहे आणि मी सत्तेचाळीस.

दर रविवारी सकाळी वाटीत खोबरेल तेल कोमट करायचे, तिला पुढ्यात बसवायचे आणि सावकाश तिच्या केसांना लावायचे, हा आमचा ती बालवाडीत असल्यापासूनचा नेम होता. त्या अर्ध्या तासात आठवडाभराच्या सगळ्या गोष्टी मला न विचारता कळत असत. कोणाचे कोणाशी बिनसले, बाईंनी कोणाला वर्गाबाहेर उभे केले, डब्यातली कोणती भाजी कोणी संपवली, सगळे. या जूनमध्ये तिने तेल लावून घेणे बंद केले. ‘मला तो वास नको वाटतो’ एवढेच कारण तिने सांगितले. तेलाचे दुःख मला नाही, पण तो अर्धा तास गेला आणि त्याच्या जागी काहीच आले नाही.

सकाळी गाणे गुणगुणत आंघोळीला जाणारी मुलगी संध्याकाळी ‘जेवायला येतेस ना’ एवढ्या प्रश्नावर रडू लागते. कडी लावून खोलीत बसते. अर्ध्या तासाने बाहेर येऊन काही घडलेच नाही अशा सहजतेने माझ्या गळ्यात हात टाकते, आणि मी तोवर इतकी दुखावलेली असते की तिला नीट जवळही घेत नाही. यजमान म्हणतात, तिला तिच्या कलाने घेऊ द्या. सासूबाई म्हणतात, लाडावून ठेवली आहे. मी कधी ओरडते, कधी समजावते, आणि दोन्ही चुकल्यासारखे वाटते.

तुमच्या घरी काय अनुभव आले, ते सांगाल का? यातले वयाचे किती आणि खरोखर काळजी करण्याजोगे किती, हे ओळखावे कसे?

सह्यकडा :
चाफेकळीताई, मी कोल्हापूरचा. माझी मुलगी आता वीस वर्षांची आहे. तिच्या तेराव्या वर्षी एके दिवशी जेवताना तिने मला अतिशय गंभीरपणे सांगितले होते, ‘बाबा, तुम्ही श्वास फार मोठ्याने घेता.’ त्यानंतर सहा महिने मी आमच्या घरात हळू श्वास घेतला आहे. आज आम्ही दोघेही ते आठवून हसतो.

पण एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही आणि ती इथल्या वडील मंडळींसाठी मुद्दाम लिहितो. मुलगी मोठी होऊ लागली तेव्हा मी मागे सरलो. तिच्या डोक्यावर हात ठेवणे, शाळेत सोडायला जाताना गप्पा मारणे, अंगणात तिच्याबरोबर बॅडमिंटन खेळणे, सगळे हळूहळू थांबवले. आता हे शोभत नाही, आता तिचे जे काही असेल ते तिची आई पाहील, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. दोन वर्षांपूर्वी ती मला म्हणाली, ‘सातवीनंतर तुम्ही माझ्याशी आईमार्फत बोलायला लागलात. माझे काहीतरी चुकले आहे, असे मला वाटत राहिले.’ ज्या शरीराच्या बदलांनी ती आधीच गोंधळलेली होती, त्याच बदलांमुळे वडील दुरावले, असा अर्थ तिने लावला होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. तुमच्या यजमानांना ‘तिच्या कलाने घेऊ द्या’ म्हणून बाजूला होऊ देऊ नका. त्यांनी तिच्याशी रोज काहीतरी बोलले पाहिजे, विषय क्रिकेटचा असला तरी चालेल.

शेवंती :
सह्यकडा, तुमचा प्रतिसाद माझ्या नवऱ्याला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण आत्ता लेकीला घेऊन कणसे आणायला गेला आहे.

नाडीपरीक्षा :
मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यात काम करतो. चाफेकळी यांच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो.

या वयातली चिडचिड ‘हार्मोन्समुळे’ असे म्हणून आपण विषय संपवतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन वर्षे बऱ्याच मुलींमध्ये दर महिन्याला बीजमोचन, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडणे, होत नाही, त्यामुळे पाळी अनियमित असते. पुढे चक्र बसू लागते तेव्हा काही मुलींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात उगाच रडू येणे, राग अनावर होणे, काहीच नको वाटणे असे त्रास होतात आणि पाळी सुरू होताच ते ओसरतात. पाळीतली पोटदुखी हाही मनाचा खेळ नव्हे. गर्भाशयाच्या अस्तरातून स्रवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे स्नायू आकुंचन पावतात आणि त्यातून ती कळ येते. शाळा बुडवण्याइतकी कळ दर महिन्याला येत असेल, तर ‘बायकांना हे असायचेच’ असे न म्हणता तिला डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरी बाब रक्ताची. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या आढळल्या. म्हणजे दहा मुलींच्या बाकावर सहा. रक्तक्षय असलेली मुलगी दमलेली असते, तिचे लक्ष लागत नाही, ती लहानसहान गोष्टींवर चिडते. आपण तिला आळशी म्हणतो. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी समजले जाते. माझ्याकडे ‘हिचा स्वभावच बदलला’ म्हणून आणलेल्या किती मुलींचे उत्तर रक्ताच्या साध्या तपासणीत मिळाले, याची मोजदाद मी ठेवलेली नाही, पण ते अनेकदा घडले आहे. गरज वाटल्यास थायरॉइडचीही तपासणी करून घ्यावी. ही आधी करायची कामे आहेत. स्वभावावर भाष्य त्यानंतर करावे.

नागपूरची_आजी :
मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे. नातीने मला इथे लिहायला शिकवले. मला स्पष्ट बोलायची सवय आहे, तेव्हा राग मानू नये. आमच्या वेळी पाच भावंडांत चौदा वर्षांच्या मुलीला रुसायला सवडच नव्हती. विहिरीचे पाणी भरायचे, धाकट्याला सांभाळायचे, पोळ्या लाटायच्या. दार लावून बसायला दार असलेली खोलीच कोणाकडे होती? आता एकेक मूल, त्याला वेगळी खोली, आणि दिवसभर त्याच्या चेहऱ्याकडे पाहत बसलेले आईवडील. मुलीला थोडे काम द्या, थोडे दुर्लक्ष करा. निम्मी दुखणी आपोआप जातील.

रोखठोक :
आजींशी सहमत. त्यात आता मोबाइलची भर पडली आहे. तो काढून घ्या, रात्री नऊनंतर देऊ नका, आणि तो रोज तपासा. मुलीने कुलूपशब्द लावला असेल तर तो तुम्हाला माहीत असलाच पाहिजे. आईवडिलांपासून लपवण्यासारखे चौदाव्या वर्षी काय असते?

पारिजात_१९ :
मी एकोणीस वर्षांची आहे, मूळची सांगलीची आणि सध्या पुण्यात शिकते. इथे बहुतेक सगळे पालक आहेत, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिण्याची परवानगी घेते.

रोखठोक काका, चौदाव्या वर्षी लपवण्यासारखे पुष्कळ असते, आणि त्यातले बहुतेक सगळे निरुपद्रवी असते. मी नववीत असताना रोजनिशी लिहीत होते. त्यात कोणा मुलाबद्दल काही नव्हते. आपले नाक मोठे आहे, वर्गातल्या दोघी आपल्याला टाळतात, आपल्याला गणित कधीच येणार नाही, आणि आईला दादा जास्त आवडतो, असे लिहिलेले होते. आईने ती वाचली. वाचली ते वाचली, पण रात्री जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, ‘आम्ही दादाचे लाड करतो, असे वाटते का तुला?’ दादा हसला. माझ्या ताटात वरण-भात होता आणि तो गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत मी मान वर केली नाही. त्या दिवसानंतर मी लिहिणे बंद केले आणि सांगणेही. आईला वाटले की मी सुधारले, कारण मी चिडायची थांबले होते. घरात सगळे म्हणत, आता कशी शहाणी झाली आहे. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट वर्ष होते.

म्हणून चाफेकळी काकूंना सांगावेसे वाटते की तुमची मुलगी रडते, दार लावते आणि पुन्हा बाहेर येऊन गळ्यात हात टाकते, तोवर तिचा तुमच्यावर विश्वास आहे.

आणखी एक. मला पाळी आली त्या वर्षी दादाची खेळून परतण्याची वेळ रात्री नऊ झाली आणि माझी साडेसात वरून सहा झाली. मी तेव्हा सायकल फार छान चालवत असे. कारण कोणीच सांगितले नाही, फक्त ‘आता तू मोठी झालीस’ असे म्हणाले. मोठे झाल्यावर वेळ वाढायला हवी ना? तो राग मी भाजीवर, ड्रेसवर, इंटरनेटच्या वेगावर काढत होते. घरच्यांना वाटत होते की ही भाजीवरून भांडते.

केतकीचे_बन :
पारिजात, बाळा, तुझा प्रतिसाद वाचून स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उभी राहिले. माझ्या मुलाला आणि मुलीला परतण्याची एकच वेळ आहे की नाही, याचा मी कधी विचारच केला नव्हता. आमच्याकडेही एक नाही.

रोखठोक :
पारिजात, तुझ्या आईने जेवणाच्या पाटावर ते बोलायला नको होते, हे मान्य. पण माझ्या म्हणण्यामागे संशय नाही, भीती आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीशी कोणी अनोळखी माणूस मुलगी असल्याचे भासवून आठ महिने बोलत होता, तिचे फोटो मागवत होता, आणि नंतर धमकावू लागला. ती त्या काळात अशीच चिडत होती, रडत होती, आणि आम्ही सगळे ‘वय आहे’ म्हणत होतो. फोन पाहिला असता तर दुसऱ्याच आठवड्यात कळले असते. त्या घरातली माणसे अजूनही सावरलेली नाहीत. मग मी काय करावे, सांग.

पारिजात_१९ :
काका, हे मला माहीत नव्हते. तुमची भीती मी खोटी ठरवत नाही. पण विचार करा, त्या मुलीला आठ महिने घरात कोणालाच सांगता का आले नाही? बहुधा फोनच काढून घेतील, याच भीतीने. माझ्या मैत्रिणींमध्ये तरी हेच सर्वांत मोठे कारण असते. ‘काहीही झाले तरी आधी तुला वाचवू, ओरडायचे असेल तर नंतर ओरडू’ हे वाक्य आईवडिलांनी संकट येण्यापूर्वी उच्चारून ठेवलेले असले, तर मुली सांगतात.

रोखठोक :
हे वाक्य आज घरी बोलून पाहतो. फोनबद्दलचा माझा नियम मात्र राहील. तिला न सांगता पाहणार नाही, तिच्यासमोर पाहीन.

फळा_आणि_खडू :
मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका गावी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. घरातल्या संध्याकाळच्या चिडचिडीची काही मुळे शाळेत असतात, आणि ती पालकांना दिसत नाहीत.

माझ्या आधीच्या शाळेत मुलींचे स्वच्छतागृह वापरण्यासारखे नव्हते. नळाला पाणी नाही, दाराला कडी नाही. त्यामुळे मुली सकाळी घरून निघाल्यापासून पाण्याचा घोट घेत नसत. भरलेली बाटली तशीच परत जाई. पाच वाजता घरी पोहोचलेली, दिवसभर पाणी न प्यायलेली, डोके ठणकत असलेली मुलगी ‘कपडे बदल, हातपाय धू, अभ्यासाला बस’ या तीन सूचनांपैकी दुसरीलाच उसळते, यात नवल ते काय? आम्ही दोघी शिक्षिकांनी पाठपुरावा केला. कडी लागायला चार महिने गेले. कडी आणि पाणी आल्यावर बाटल्या रिकाम्या जाऊ लागल्या. आपल्या मुलीची बाटली संध्याकाळी हातात घेऊन पाहा, ती किती जड आहे.

डॉक्टरांनी रक्तक्षयाचे लिहिले आहे, त्याला जोडून लिहिते. सरकारी कार्यक्रमातून शाळांमध्ये आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी दिली जाते. त्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. मुली ती तोंडात धरतात आणि मागे जाऊन थुंकतात, कारण कोणाला तरी मळमळले होते आणि ती बातमी सगळ्या वर्गात पसरलेली असते. उपाशीपोटी घेतली तर मळमळतेच, म्हणून ती जेवणानंतर घ्यायची. शौचाला काळे होते, हेही आधीच सांगून ठेवावे, नाहीतर मुली घाबरतात आणि घरी कोणाला विचारतही नाहीत. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. लिंबू मात्र जरूर पिळावे.

सातासमुद्रापार :
मी कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहते. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. झोपेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. या वयात झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे मुलांना लवकर झोपच येत नाही, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. हे ध्यानात घेऊन आमच्या राज्याने कायदाच केला आणि जुलै २०२२ पासून इथल्या बहुतेक हायस्कूलना सकाळी साडेआठच्या आधी वर्ग भरवता येत नाहीत. आमच्या घरातली सकाळची भांडणे त्यानंतर खरोखर कमी झाली. माझी भाची पुण्यात आहे. तिची शाळा सातला, म्हणजे बस सव्वासहाला, आणि क्लास रात्री साडेआठला सुटतो. त्या मुलीला सकाळी ‘हसतमुखाने उठ’ म्हणणाऱ्या माझ्या बहिणीची मला काळजी वाटते आणि भाचीची त्याहून जास्त. महाराष्ट्रात चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी सकाळी नऊच्या आधी शाळा भरवू नये, असा आदेश २०२४ मध्ये निघाला, पण झोप उशिरा येण्याचे खरे वय चौथीनंतरच सुरू होते.

मैना_४८ :
चाफेकळी, तू तुझे वय लिहिलेस आणि पुढे त्याबद्दल एक अक्षरही लिहिले नाहीस, हे मला जाणवले.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आणि मी अठ्ठेचाळीस. गेल्या वर्षी आमच्या घरातही रोज रणकंदन होई. मी रात्री दोनला घामाघूम होऊन उठत असे, पुन्हा झोप लागत नसे, आणि सकाळी दूध उतू गेले तरी डोळ्यांत पाणी येई. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी शांतपणे विचारले, ‘घरात वयात आलेली मुलगी आहे का?’ मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, ‘मग एका घरात दोघींचे एकाच वेळी चालू आहे. तिचे सुरू होते आहे आणि तुमचे संपते आहे.’ रजोनिवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत झोप मोडणे, चिडणे, उदास वाटणे हे होते, हे मी वाचले होते, पण ते मला होते आहे हे मला दिसले नव्हते. सगळ्या घराचे लक्ष लेकीच्या मूडकडे होते. माझा मूड कोणी मोजतच नव्हते, मीसुद्धा नाही.

त्यानंतर आम्ही शीतकपाटावरच्या दिनदर्शिकेवर दोघींच्या तारखा लिहू लागलो, तिच्या हिरव्या आणि माझ्या तांबड्या शाईने. ज्या आठवड्यात दोन्ही जवळ येतात, त्या आठवड्यात मोठे विषय काढायचे नाहीत, असा करार केला. माझ्या मुलाने त्या आठवड्याला ‘सुट्टीचा आठवडा’ असे नाव ठेवले आहे आणि त्या दिवसांत तो न सांगता भांडी घासतो.

चाफेकळी :
मैना, काय उत्तर देऊ, कळत नाही. तू लिहिलेस तसेच रात्रीचे जागणे माझे फेब्रुवारीपासून चालू आहे आणि मी ते लेकीच्या काळजीमुळे आहे असे समजत होते.

नागपूरची_आजी :
पुन्हा लिहिते आहे. माझा पहिला प्रतिसाद मी नातीला वाचून दाखवला. तिने विचारले, ‘आजी, तू चौदाची असताना तुला खरंच कधी रडू आले नाही?’ त्यावर दोन दिवस विचार केला.

रडू येत होते. पाळी आली की आम्हाला बाजूला बसवीत. कावळा शिवला म्हणत. मागच्या पडवीत वेगळी चटई, वेगळी गोधडी, वेगळे पितळी भांडे. धाकटा भाऊ मला बिलगायला धावत यायचा आणि आई त्याला ओढून न्यायची. तो रडायचा. मला कोणी पाहत नसे, म्हणून मीही तिथे पोटभर रडून घेई. चार दिवस कोणी कामाला हाक मारत नसे आणि कोणी काही विचारतही नसे. माझ्या आजीच्या वेळी तर न्हाण आले की मुलीला मखरात बसवून गावभर सांगत, आणि त्याबद्दल त्या मुलीला काय वाटते, हे मात्र कोणी विचारत नसे.

आम्हाला रुसायला सवड नव्हती, हे मी लिहिले ते खरे नाही. रुसलेले पाहायला कोणाला सवड नव्हती. काम द्यावे, हे माझे म्हणणे अजून कायम आहे, पण मुलाला आणि मुलीला सारखे द्यावे. दुर्लक्ष करा, हे मागे घेते.

सह्यकडा :
आजी, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

मनमोकळे :
मी शाळांमधून समुपदेशक म्हणून काम करते. इतके चांगले बोलणे चालले आहे की मध्ये पडावेसे वाटत नव्हते, पण ‘काळजी करण्याजोगे किती’ हा चाफेकळी यांचा मूळ प्रश्न अर्धा राहिला आहे.

चढ आणि उतार दोन्ही असतील, तर ते बहुधा वयाचे. नुसता उतार असेल, आणि तो रोज, दिवसातला बहुतेक वेळ, दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर मदत घ्यावी. आवडीच्या गोष्टी सुटणे, मैत्रिणींना टाळणे, जेवण आणि झोप फार घटणे किंवा फार वाढणे, गुण एकाएकी घसरणे, आपल्या वस्तू वाटून टाकणे, ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालून हात झाकणे, आपण नसतो तर बरे झाले असते अशा आशयाचे बोलणे. यातले शेवटचे तीन दिसले तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी बोलावे. मुलीला जगणे नकोसे वाटते का, हे सरळ विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने तिला बोलायला वाट मिळते.

एखाद्या ठरावीक माणसाच्या येण्याने किंवा ठरावीक जागी जाण्याने मुलगी बदलत असेल, तर आधी तिचे ऐकावे. नातेवाईक असला, शिकवणीचे सर असले, तरी ‘ते तसे नाहीत’ हे वाक्य उच्चारू नये. अठरा वर्षांखालील मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि मदतीसाठी १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. १४४१६ वर दिवसरात्र कधीही मोफत फोन करता येतो, मराठीतूनही बोलता येते आणि पालकांनीही करावा. अशा विषयांवर मुलामुलींशी मोकळेपणी बोलण्याचे काम आपल्याकडे नवे नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांमधून ते अनेक वर्षे केले आहे.

आणि घरातल्या प्रत्येकाने एवढे पाळावे की मुलीच्या रागावर ‘हिचे ते दिवस असतील’ असे कोणी म्हणू नये. ते खरे असले तरी म्हणू नये. तिचा मुद्दा रास्त असू शकतो, आणि त्या वाक्याने तो ऐकण्याआधीच संपतो.

केतकीचे_बन :
शेवटचा परिच्छेद घरी भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. आमच्याकडे हे वाक्य माझ्याबद्दलही म्हटले जाते.

चाफेकळी :
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्या सर्वांचे आभार. काय घडले ते जसेच्या तसे सांगते.

दोघींची रक्ततपासणी केली. तिचे हिमोग्लोबिन ९.६ निघाले. मी गेले वर्षभर तिला ‘सारखी काय लोळत असतेस’ म्हणत होते. अहवालाचा कागद हातात घेऊन मी दवाखान्याच्या जिन्यावरच बसले. गोळ्या सुरू झाल्या आहेत. मीही स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून आले.

फळा_आणि_खडू, बाटली पाहिली. जवळजवळ भरलेली होती. तिला विचारले तर म्हणाली, ‘शाळेत जायला नको वाटते तिथे.’ इतर चार आयांशी बोलले आहे, पुढच्या पालकसभेत आम्ही पाचजणी एकत्र विषय काढणार आहोत.

यजमान आता तिला क्लासहून आणायला जातात. पहिले दोन दिवस दोघेही गप्प होते. तिसऱ्या दिवशी हसत वर आले. कशावरून, ते दोघांनीही मला सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. न विचारणे फार जड गेले.

मागच्या गुरुवारी मात्र ते दौऱ्यावर होते, म्हणून मी स्कूटरवर गेले होते. तीन हात नाक्याच्या सिग्नलला थांबलो असताना ती मागून, माझा चेहरा दिसत नसताना, म्हणाली, ‘आई, तू काय झाले म्हणून विचारतेस ना, तेव्हा तुझे उत्तर आधीच ठरलेले असते. मी सांगितले की तू त्यातले तुला हवे ते निवडतेस.’ मला लगेच म्हणायचे होते की असे काही नाही. हेल्मेटमुळे असेल किंवा सिग्नल सुटल्यामुळे, माझ्या तोंडून काहीच आले नाही. घरापर्यंत ती बोलत राहिली. वर्गातल्या एका मुलीने तिच्या रंगावरून काही म्हटले होते, जूनमध्ये. ‘तेल लावून आणखी काळी दिसतेस,’ असे. त्या वासाचे कारण हे होते.

काल रात्री पुन्हा कडी लागली, पुन्हा रडणे झाले, त्यामुळे सगळे सुरळीत झाले असे मी लिहू शकत नाही. पण मी दाराबाहेर उभी राहून प्रश्न विचारले नाहीत. ‘पोळी झाकून ठेवली आहे’ एवढे सांगून आत गेले. साडेदहाला ताटलीचा आवाज आला.

पारिजात_१९ :
काकू, त्या मुलीच्या बोलण्याबद्दल शाळेत जाऊन तक्रार करण्याआधी तिला विचारा की तिला तुम्ही जायला हवे आहे का. ती नाही म्हणाली तर थोडे थांबा.

चाफेकळी :
विचारले. ती म्हणाली, सध्या नको, आधी मला जमते का ते पाहते. थांबते आहे.

नागपूरची_आजी :
तुझ्या सासूबाई काय म्हणतात?

चाफेकळी :
आजी, तुमचा दुसरा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला होता. त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी लेक शाळेतून आली तेव्हा लिंबू पिळलेली मटकीची उसळ घेऊन तिच्याजवळ बसल्या आणि त्यांच्या माहेरच्या पडवीबद्दल सांगू लागल्या. मी इतकी वर्षे या घरात आहे, मला ती पडवी ठाऊक नव्हती.